दोन दृश्यांवरून तिसरे दृश्य कसे काढतात?

अभियांत्रिकी रेखाचित्रात वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल, याची स्वतंत्र सपाट चित्रे काढतात. या पद्धतीला गणिती बैठक दिली ती अठराव्या शतकात गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने. किल्ल्यांच्या आराखड्यांसाठी उपयोगी असल्याने ती काही काळ लष्करी गुपित होती. १७९५ मध्ये पॅरिसमध्ये ती उघडपणे शिकवली गेली. दोन दृश्ये देऊन तिसरे काढायला सांगणे, हे या विषयातील नेहमीचे कोडे.

समजा, एक वस्तू वरून वर्तुळाकार आणि समोरून चौरस दिसते. 'दंडगोल' हे उत्तर चटकन सुचते आणि बाजूचे दृश्यही चौरसच काढले जाते. पण वर्तुळात एक आडवा व्यास असेल आणि चौरसात वरच्या दोन कोपऱ्यांतून निघून तळरेषेच्या मध्याला टेकणारी वक्ररेषा असेल, तर? मग हा दंडगोल माथ्यावरील व्यासापासून तळाच्या पुढच्या व मागच्या कडेपर्यंत तिरपा छाटलेला आहे. बाजूने तो चक्क त्रिकोण दिसतो! (बटाटा कापून पाहावा, लगेच पटते.) म्हणून बाह्याकृतीवर न जाता आतली प्रत्येक रेषा दुसऱ्या दृश्यात कुठे उतरते, ते आधी जुळवावे. झाकलेल्या कडा तुटक रेषांनी दाखवतात, त्याही सोडू नयेत.

भारतात रूढ असलेल्या प्रथम कोन पद्धतीत वरचे दृश्य समोरच्या दृश्याखाली काढतात, अमेरिकेत त्याच्या वर. हा फरक ध्यानात न घेतल्यास डावी बाजू उजवी समजली जाते आणि कारखान्यात सुटा भाग आरशातील प्रतिबिंबासारखा उलटा घडतो. कोणती पद्धत वापरली आहे, हे चित्राच्या कोपऱ्यातील छाटलेल्या शंकूच्या खुणेवरून कळते.