इब्न रुश्द : धर्म आणि बुद्धी यांच्या समन्वयाचा विचार

प्रस्तावना :
मध्ययुगीन इस्लामी तत्त्वज्ञानाच्या इतिहासात इब्न रुश्द (इ.स. ११२६–११९८) यांचे स्थान महत्त्वपूर्ण आहे. युरोपात ते 'अव्हेरोईस' या नावाने ओळखले जातात. धर्म आणि बुद्धी यांत विरोध आहे काय, या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या उत्तराचा आणि त्याच्या परिणामांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जीवन :
इब्न रुश्द यांचा जन्म स्पेनमधील कोर्दोबा येथे न्यायशास्त्रज्ञांच्या घराण्यात झाला. त्यांचे आजोबा तेथील प्रमुख काझी होते. तत्त्वज्ञ इब्न तुफैल यांनी त्यांचा परिचय अल्मोहाद खलिफा अबू याकूब यूसुफ याच्याशी करून दिला. ॲरिस्टॉटलचे ग्रंथ सुबोध व्हावेत, ही खलिफाची इच्छा त्यांच्या भाष्यलेखनास प्रेरक ठरली. ११६९ मध्ये ते सेव्हिलचे काझी झाले, तर ११८२ मध्ये राजवैद्य. मात्र ११९५ मध्ये पुढील खलिफा अल्-मन्सूर याने त्यांना लुसेना येथे हद्दपार केले आणि त्यांचे तत्त्वज्ञानविषयक ग्रंथ जाळण्यात आले. कास्तीलविरुद्धच्या युद्धकाळात खलिफाला सनातनी धर्मशास्त्रज्ञांचा पाठिंबा हवा होता, हे त्यामागील एक कारण अनेक अभ्यासक मानतात. पुढे त्यांना परत बोलावण्यात आले. परंतु ११९८ मध्ये मराकेश येथे त्यांचे निधन झाले.

विचार :
अल्-गझाली (मृत्यू ११११) यांनी विश्वाचे अनादित्व मानणे, ईश्वराला विशेषांचे ज्ञान नाकारणे आणि देहाच्या पुनरुत्थानाचा इन्कार या तीन मुद्द्यांवर तत्त्वज्ञांना धर्मबाह्य ठरविले होते. इब्न रुश्द यांनी 'तहाफुत अल्-तहाफुत' या ग्रंथात त्याचे खंडन केले. 'फस्ल अल्-मकाल' मध्ये त्यांनी काझीच्या भूमिकेतूनच हा प्रश्न हाताळला : तत्त्वचिंतनाला शरीयतची अनुमती आहे काय? सृष्टीचे चिंतन करण्याची आज्ञा धर्मच देतो. म्हणून पात्र व्यक्तीस ते कर्तव्यच ठरते, हा त्यांचा निष्कर्ष होय. सिद्ध प्रमाण आणि धर्मवचनाचा शब्दार्थ यांत विसंगती दिसल्यास वचनाचा लाक्षणिक अर्थ घ्यावा, असे ते म्हणतात. मात्र असा अर्थ सामान्यजनांपुढे मांडू नये, ही त्यांची मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

प्रभाव :
तेराव्या शतकात त्यांची भाष्ये लॅटिन व हिब्रू भाषांत गेली. प्लेटोच्या 'रिपब्लिक'वरील त्यांचे भाष्य आज केवळ हिब्रू अनुवादामुळे उपलब्ध आहे. सर्व मानवांची ग्रहणशील बुद्धी एकच आहे, या त्यांच्या मतावर थॉमस ॲक्वायनस यांनी १२७० मध्ये टीका केली. तथापि तेही त्यांच्या भाष्यांचा आधार घेत होते. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने २१९ विधाने निषिद्ध ठरविली. त्यांत लॅटिन अव्हेरोईसवाद्यांची मतेही होती. धर्माचे सत्य वेगळे आणि तत्त्वज्ञानाचे वेगळे, हा द्विसत्यवाद पुढे इब्न रुश्द यांच्या नावावर चढविला गेला. वस्तुतः सत्य एकच आहे, हाच त्यांच्या विचाराचा गाभा होता.

समारोप :
कोर्दोबात सनातन्यांनी आणि पॅरिसमध्ये चर्चने ज्या विचारांना विरोध केला, ते विचार अनुवादकांच्या परिश्रमामुळे टिकून राहिले. ज्ञानाला धर्म व भाषा यांच्या सीमा रोखू शकत नाहीत, याची साक्ष हा इतिहास देतो.