दीघा-पुरीच्या वाटा : मंजुरी कोणाच्या नावे, प्रवास कोणाचा

बंगाली मध्यमवर्गाने आपल्या सुट्टीसाठी एक छोटासा शब्द घडविला आहे : 'दीपुदा'. दीघा, पुरी आणि दार्जिलिंग या तीन नावांची आद्याक्षरे जोडून तो झाला. बंगालीत 'दा' म्हणजे थोरला भाऊ. त्यामुळे घरच्या एखाद्या वडीलधाऱ्याविषयी बोलावे तसे हे नाव घेतले जाते. नोकरीनिमित्त कोलकात्यास आलेल्या मराठी कुटुंबाचीही या दीपुदाशी लवकरच ओळख होते. समुद्राची आठवण अनावर झाली की दोनच प्रश्न उरतात : दीघा की पुरी, आणि रेल्वेने की रस्त्याने?

प्रश्न घरगुती आहे, परंतु त्याच्या उत्तरामागे अडीचशे वर्षांचे प्रशासन उभे आहे. शासकीय सेवेत रस्ते-पुलांच्या प्रस्तावांवर 'गरज सिद्ध होत नाही' हा शेरा मी अनेकदा वाचला आहे. गरज कोणाची, आणि ती सिद्ध कोणी करावयाची, याचा खुलासा त्या शेऱ्यात क्वचितच असतो. कोलकात्याहून समुद्राकडे जाणाऱ्या या दोन वाटांचा इतिहास त्या दृष्टीने मला फार बोलका वाटतो.

या इतिहासाच्या आरंभी आपण मराठी माणसेच आहोत, आणि ती आठवण केवळ अभिमानाची नाही. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने 1742 मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणण्यास प्रारंभ झाला. तो कधी पुरा झाला नाही, पण 'मराठा खंदक' हे नाव इतिहासात राहिले. आणि बर्गींची दहशत बंगालच्या लोकस्मृतीत आजही आहे. 1751 च्या तहाने अलीवर्दीखानाने बंगालच्या चौथाईपोटी सालिना 12 लाख रुपये देण्याचे कबूल केले आणि सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात गेला. पुढे 52 वर्षे कलकत्त्याहून पुरीस जाणारा यात्रेकरू सुवर्णरेखा ओलांडली की मराठी अंमलात प्रवेश करीत असे. नदीच्या अलीकडे मेदिनीपूर भागातील पटाशपूर परगणाही 1803 पर्यंत मराठ्यांकडे होता.

मराठी अंमलाने जगन्नाथाच्या देवस्थानाचा बंदोबस्त ठेवला. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारासमोर आला तो याच काळात. मात्र या अंमलाने यात्रेकरूंकडून कर घेतला, आणि वाट होती तशीच ठेवली. रूपनारायण, कंसावती, सुवर्णरेखा, वैतरणी, ब्राह्मणी, महानदी, काठजोडी अशा एकामागून एक नद्या नावेने ओलांडीत, बहुधा पायीच, माणसे जात होती. कित्येक परत येत नसत.

कंपनी सरकारला ही वाट हवी होती ती यात्रेकरूंसाठी नव्हे. कलकत्ता आणि मद्रास या तिच्या दोन इलाख्यांच्या मधोमध भोसल्यांचा ओडिशा होता. टपाल असो वा पलटण, मराठ्यांच्या परवानगीवाचून खुष्कीच्या मार्गाने जाणे अशक्य होते. हैदर अलीविरुद्ध मद्रासला कुमक धाडण्यासाठी 1781 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने कर्नल पिअर्सचे सैन्य पाठविले, तेही भोसल्यांशी बोलणी करूनच. ही अडचण 1803 मध्ये संपली. सप्टेंबरात कर्नल हारकोर्टची फौज पुरीत शिरली, ऑक्टोबरात कटकचा बाराबती किल्ला पडला आणि 17 डिसेंबर 1803 रोजी देवगावच्या तहाने ओडिशा कंपनीकडे गेला.

नव्या सरकारने जुन्या अंमलाचा यात्राकर मात्र टाकून दिला नाही. 1806 च्या कायद्याने तो नीट बांधून घेतला. यात्रेकरूंचे वर्ग पाडले आणि ऐपतीप्रमाणे दर ठरविले. पुरीच्या वेशीवरील अठरनाळा पुलाशी ही वसुली होत असे. 1840 मध्ये कर रद्द झाला. दरम्यान जगन्नाथ सडकेचे काम सुरू झाले होते. कलकत्त्याचे धनिक राजा सुखमय राय यांनी यात्रेकरूंच्या सोयीसाठी दीड लाख रुपये दिले होते; 1812 च्या सुमारास बांधकामास हात लागला आणि ते पुरे होण्यास दशकाहून अधिक काळ गेला. यात्रेकरूचा पैसा, धर्मादायाचा पैसा आणि लष्कराची निकड या तिन्हींच्या संगमातून ही सडक झाली. नुसत्या यात्रेकरूच्या सोयीसाठी ती झाली असती काय, याची मला शंका आहे.

पण सडक झाली तरी मोठ्या नद्यांवर पूल झाले नाहीत. याची किंमत 1866 मध्ये मोजावी लागली. 1865 चा पाऊस वेळेआधीच थांबला आणि भातपीक बुडाले. 1866 च्या प्रारंभी कटकचे आयुक्त रॅव्हेनशॉ यांनी तांदूळ आणण्याची परवानगी मागितली, तेव्हा कलकत्त्याच्या महसूल मंडळाने ती नाकारली. बाजारात भाव चढले की व्यापारी आपोआप माल आणतील, हे तत्त्व त्यामागे होते. माल आणावयाचा कोणत्या वाटेने, हा प्रश्न त्या तत्त्वात नव्हता. सरकारचे डोळे उघडले तोवर पावसाळा आला. नद्यांना पूर होते, सडक चिखलात गेली होती आणि खवळलेल्या समुद्रात गलबतांतून धान्य उतरविता येत नव्हते. भुकेची माणसे एका बाजूस व धान्य दुसऱ्या बाजूस अशी ती अवस्था होती. सुमारे दहा लाख माणसे मेली. म्हणजे तिघांमागे एक, असा अंदाज आहे. ओडिशात या दुष्काळास 'न-अंक' म्हणतात.

चौकशी आयोग बसला, आणि दळणवळणाचा अभाव हे कारण कागदावर आले. उपाय मात्र सावकाश आले. कालवे खणले गेले. हुगळी-रूपनारायणच्या संगमाजवळील गेंवखालीपासून किनाऱ्यालगत ओडिशाकडे जाणारा कोस्ट कालवा 1880 च्या दशकात तयार झाला. दुष्काळनिवारक रेल्वेमार्ग वाढवावेत, अशी शिफारस 1880 च्या दुष्काळ आयोगाने केली. तोवर कलकत्त्याच्या यात्रेकरूसाठी सोयीची वाट म्हणजे चांदबालीपर्यंत स्टीमर आणि पुढे पायी अथवा बैलगाडी.

25 मे 1887 रोजी 'सर जॉन लॉरेन्स' ही स्टीमर अशाच यात्रेकरूंना घेऊन निघाली आणि चक्रीवादळात बुडाली. सुमारे साडेसातशे माणसे गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. रवींद्रनाथ ठाकुरांनी या घटनेवर 'सिंधुतरंग' ही कविता लिहिली. कोलकात्यात हावडा पुलाजवळ छोटूलाल घाटावर या स्त्रियांच्या स्मरणार्थ काही इंग्रज महिलांनी बसविलेली एक शिळा आहे. घाटावर फुलबाजाराची एवढी वर्दळ असते की ती सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. मराठी वाचकांनी कधी हावड्यास जाता-येता ती अवश्य पाहावी. मार्ग नसणे म्हणजे काय, हे सांगणारी ती एक सरकारबाह्य नोंद आहे.

रेल्वे अखेर आली ती 1890 च्या दशकात. सरकारी ईस्ट कोस्ट रेल्वेचा खुर्दा रोड ते पुरी हा फाटा 1 फेब्रुवारी 1897 रोजी खुला झाला. उत्तरेकडून बंगाल-नागपूर रेल्वे पुढे सरकत होती. या कंपनीच्या नावातील नागपूर शोभेचे नव्हते. नागपूरहून छत्तीसगडकडे निघालेल्या जुन्या मीटरगेज मार्गावरच तिचा पाया घातला गेला होता. रूपनारायणवरील कोलाघाटचा पूल 1900 मध्ये झाला आणि हावड्याहून पुरीस सलग रुळांवरून जाता येऊ लागले. महिन्याची पायपीट एका रात्रीवर आली. ज्या भोसल्यांच्या भीतीने कलकत्त्याने खंदक खणला, त्यांच्याच राजधानीच्या नावाची रेल्वे कलकत्तेकरांना पुरीच्या समुद्रावर नेऊ लागली! पुढे याच कंपनीने पुरीच्या किनाऱ्यावर आपले हॉटेल चालविले. यात्रेचे गाव असे हळूहळू हवापालटाचेही गाव झाले.

आता दीघ्याकडे वळू. वस्तुतः दीघा कोलकात्यास फार जवळ : रस्त्याने सुमारे 185 किलोमीटर, तर पुरी 500 किलोमीटर. शिवाय त्याची कीर्तीही जुनी. हेस्टिंग्जच्या काळी याच भागातील बीरकुल हे कलकत्त्याच्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे हवा खाण्याचे ठिकाण होते. ते बीरकुल समुद्राने गिळले. मग इतक्या जवळच्या किनाऱ्यास रेल्वे पुरीनंतर शंभराहून अधिक वर्षांनी का मिळाली?

याचे उत्तर आखणीत आहे. किनाऱ्याजवळ नद्यांची मुखे रुंद, जमीन दलदलीची. म्हणून मद्रासकडे जाणारी रेल्वे, जगन्नाथ सडकेप्रमाणेच, आतून खरगपूर-बालेश्वर अशी नेली गेली. दीघ्याचा कोपरा बाजूस पडला. त्या भागातील मुख्य गाव कांथी, इंग्रजी उच्चारात कंटाई. रेल्वेने त्यासाठी बेलदा येथील स्थानकास 'कंटाई रोड' असे नाव दिले, आणि कांथी तेथून 50 किलोमीटरहून अधिक दूर! एखाद्या स्थानकाच्या नावात 'रोड' हा शब्द दिसला की गाव दूर आहे असे समजावे, हे आपणांस ठाऊक आहे; पण इतके दूर गाव क्वचितच असेल.

1923 मध्ये जॉन फ्रँक स्नेथ हे कलकत्त्याचे इंग्रज व्यापारी दीघ्यास आले, तेथे रमले आणि तेथेच राहिले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्याकडे या किनाऱ्याच्या विकासासाठी पाठपुरावा केला. डॉ. राय यांनी तो मनावर घेतला व दीघ्याची पर्यटनस्थळ म्हणून उभारणी झाली. मोटार आणि बस हीच तेथे जाण्याची साधने राहिली. 1992 मध्ये विद्यासागर सेतू खुला झाल्यावर दक्षिण कोलकात्यातून निघणारी गाडी हावडा पुलाच्या कोंडीत न सापडता थेट महामार्गास लागू लागली. आज कोलाघाट, नंदकुमार, कांथी मार्गे दीघा हीच सरळ वाट आहे.

रेल्वेचे काय झाले? हल्दिया बंदरासाठी पांशकुड्याहून एक मार्ग आधीच झाला होता. त्यावरील तमलुकपासून दीघ्यापर्यंत सुमारे 90 किलोमीटरच्या मार्गास 1984-85 मध्ये मंजुरी मिळाली. कांथीपर्यंत गाडी 2003 मध्ये पोहोचली आणि दीघ्यास 2004 मध्ये, म्हणजे मंजुरीनंतर वीस वर्षांनी. तुलनेसाठी आपली कोकण रेल्वे घ्यावी. तिच्यासाठी 1990 मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि सह्याद्रीचे बोगदे व खाड्यांवरील पूल मिळून 700 हून अधिक किलोमीटरचा मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी राष्ट्रास अर्पण झाला. अभियंत्यांच्या कर्तबगारीत हा फरक शोधणे अन्यायाचे होईल. कोकण रेल्वेस कर्जरोखे उभारण्याचा अधिकार, केंद्र व चार राज्यांचे भांडवल आणि एकच जबाबदार प्रमुख मिळाला. वार्षिक अंदाजपत्रकातील तुकड्यांवर जगणाऱ्या फाट्यास यातले काहीच मिळत नाही. मंजुरी आणि तरतूद या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रशासनात शिरलेल्या प्रत्येकास पहिल्या वर्षीच कळते; जनतेस मात्र ते वीस वर्षांनी कळते.

या साऱ्या इतिहासात एक गोष्ट मला पुन्हापुन्हा दिसते. पुरीची सडक पलटणीची निकड पाहून झाली, पुरीची रेल्वे दुष्काळानंतर झाली, दीघ्याची रेल्वे बंदराच्या फाट्यास जोडून झाली. प्रत्यक्ष प्रवास केला तो मात्र लाखो यात्रेकरूंनी आणि सहलीस निघालेल्या कुटुंबांनी. सामान्य प्रवाशाची गरज स्वतःच्या नावाने फारशी मंजूर होत नाही. तिला दुसऱ्या कोणाच्या तरी गरजेचे बोट धरून चालावे लागते. याचे कारण असे की मार्ग बांधण्याचा खर्च अंदाजपत्रकात रुपया-पैशांत लिहिलेला असतो, पण न बांधलेल्या मार्गाच्या खर्चासाठी त्यात रकानाच नसतो. तो खर्च 1866 च्या आकड्यांत आणि छोटूलाल घाटावरील शिळेवर लिहिलेला आहे.

30 एप्रिल 2025 रोजी दीघ्यास जगन्नाथाचे नवे मंदिर खुले झाले. त्यामुळे एकेकाळी निव्वळ हवापालटाच्या असलेल्या या गावी आता यात्रेकरूही येतात, आणि यात्रेच्या पुरीत समुद्रस्नानाला येणारे तर कधीचेच आहेत. दोन्ही वाटांवर गर्दी वाढणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. पुढील पुलाचा, रुळांचा वा किनाररस्त्याचा प्रस्ताव ज्या टेबलावर येईल, तेथील अधिकाऱ्याने 'गरज सिद्ध होत नाही' असे लिहिण्यापूर्वी एवढेच पाहावे की ती सिद्ध करण्याचे ओझे आपण कोणाच्या खांद्यावर टाकीत आहोत.