कार्बनी घनपदार्थ आणि चुंबकीय अनुस्पंदन

हार्वर्ड विद्यापीठात १५ डिसेंबर १९४५ रोजी पर्सेल, टोरी व पाउंड यांना अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा पहिला संकेत मिळाला तो पॅराफीन मेणातून, म्हणजे एका कार्बनी घनपदार्थातूनच. मात्र तो संकेत हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा होता. कार्बनचा त्यात वाटा नव्हता. कार्बन-१२ च्या अणुकेंद्रास परिवलन नसते, आणि ज्यास ते आहे तो कार्बन-१३ निसर्गात जेमतेम १.१ टक्का आढळतो. त्यामुळे कोळशासारख्या पदार्थांतील कार्बनी सांगाड्याची साक्ष प्रथम इलेक्ट्रॉनांकडूनच घ्यावी लागली.

इलेक्ट्रॉन अनुस्पंदनाचा शोध झावोइस्की यांनी १९४४ साली काझान येथे लावला होता. त्यानंतर दहा वर्षांनी फ्रान्समध्ये युबरस्फेल्ड व इंग्लंडात इन्ग्रॅम यांनी, आपापल्या सहकाऱ्यांसह, कोळशासारख्या पदार्थांतून तीव्र शोषणरेषा मिळविल्या. सेंद्रिय द्रव्य तापवीत गेल्यास ही रेषा वाढत जाते, सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला कमाल गाठते व पुढे क्षीण होते. बंध तुटून अयुग्मित राहिलेले इलेक्ट्रॉन कार्बनच्या षट्कोनी जाळ्यांवर स्थिरावतात, हा त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे स्वीकारला गेला. परंतु लोणारी कोळशात हवा शिरताच रेषा रुंदावते व हवा काढून घेताच ती बहुधा पूर्ववत होते. ऑक्सिजनचा रेणू स्वतःच समचुंबकीय असल्यामुळे हे घडते. तेव्हा नमुना निर्वात केला होता की नाही हे जेथे नमूद नाही, तेथील रेषारुंदीचे आकडे परस्परांशी ताडून पाहणे व्यर्थ होय.

ग्रॅफाइटची रेषा दिसावयास तशीच, पण तिचे मूळ निराळे. वॅगनर यांनी १९६० मध्ये एकस्फटिकावर दाखविले की तिचा जी-गुणक दिशेनुसार बदलतो: थरांना लंब दिशेत सुमारे २.०५, थरांच्या प्रतलात २.००२६. ही रेषा विद्युत्‌वाहक इलेक्ट्रॉनांची आहे, तुटलेल्या बंधांची नव्हे.

खुद्द कार्बन बोलू लागला तो पाइन्स, गिबी व वॉ यांनी १९७२-७३ च्या सुमारास हायड्रोजनचे ध्रुवण कार्बन-१३ कडे संक्रमित केल्यावर. अँड्र्यू व लो यांची १९५८-५९ मधील नमुना तिरप्या अक्षावर वेगाने फिरविण्याची युक्ती शेफर व स्टेइस्कल यांनी १९७६ मध्ये तिला जोडली. अशा रीतीने कोळशातील अरोमॅटिक कार्बनचे प्रमाण मोजता येऊ लागले. पण हायड्रोजनपासून दूर असलेला कार्बन या मोजणीतून निसटतो, हे अनेकदा विसरले जाते. सी-६० मध्ये तर हायड्रोजन मुळीच नाही. तेथे १९९१ मध्ये थेट कार्बन-१३ चा संकेत घेतला असता, सामान्य तापमानास १४३ भाग प्रतिदशलक्ष येथे एकच अरुंद रेषा मिळाली: साठही अणू समतुल्य, आणि घनावस्थेतही रेणू गरगर फिरणारे. तापमान पुरेसे उतरविले की हे फिरणे मंदावते व ती रेषा पसरत जाते.