बुकित तिमाहचे तंत्रनिकेतन आणि सिंगापूरचा नवा सिनेमा

परदेशातल्या महोत्सवात एखाद्या लघुपटाची दखल घेतली गेली, की त्याच्या तरुण दिग्दर्शकाची ओळख ठरावीक पद्धतीने करून दिली जाते. घर कसे होते, आईवडील काय करत, लहानपणी कोणते सिनेमे पाहिले, हे सांगितले जाते आणि शेवटी उपजत प्रतिभेवर बोट ठेवले जाते. पण या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात पहिल्यांदा कॅमेरा कुठे आला आणि त्या कॅमेऱ्याचा खर्च कोणी उचलला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. सिंगापूरच्या नव्या सिनेमाबाबत तो विचारला, तर उत्तर पुन्हा पुन्हा एकाच पत्त्यावर येते. बुकित तिमाह म्हणजे बंगल्यांची, नामवंत शाळांची श्रीमंत वस्ती. तिच्या कडेने जाणाऱ्या क्लेमेंटी रोडवर न्गी आन पॉलिटेक्निक हे तंत्रनिकेतन आहे. नव्या दिग्दर्शकांची पार्श्वभूमी शोधताना घराण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, अशा संस्थेचा विचार करायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर सिंगापूर हे मलय चित्रपटांचे केंद्र होते. जालान अंपासवरचा शॉ बंधूंचा स्टुडिओ आणि ईस्ट कोस्ट रोडवरचा कॅथे-केरिस यांच्यात चुरस होती. पैसा चिनी मालकांचा, पडद्यावरचे कलाकार मलय आणि दिग्दर्शक बरेचसे भारतातून आणलेले, अशी ही रचना होती. बी. एस. राजहंस, एल. कृष्णन, १९५६ चा ‘हांग तुआह’ करणारे फणी मजुमदार ही त्यातली ठळक नावे. या स्टुडिओंत शिकवणीचे वर्ग नव्हते, पण कामातून शिकणे होते. पी. रामली गायक आणि नट म्हणून आले आणि याच दिग्दर्शकांच्या हाताखाली वावरत १९५५ मध्ये ‘पेनारेक बेचा’चे दिग्दर्शक झाले. १९६७ मध्ये जालान अंपासचा स्टुडिओ बंद पडला आणि काही वर्षांत कॅथे-केरिसनेही निर्मिती थांबवली. चित्रपट बनणे जवळजवळ थांबले, आणि त्याबरोबर नवख्याला या धंद्यात शिरण्याची वाटही बुजली. पुढची सुमारे दोन दशके देशात चित्रपटगृहे होती, प्रेक्षक होते, पण शिकाऊ उमेदवाराला उभे राहायला जागा नव्हती.

ती जागा पुन्हा मिळाली ती एका अनपेक्षित ठिकाणी. न्गी आन कोंगसी ही तिओच्यू भाषक चिनी व्यापाऱ्यांची संस्था १८४५ ची. मिरी आणि गँबियरच्या व्यापारात सधन झालेल्या या समाजाने मंदिर आणि दफनभूमी सांभाळण्यासाठी ती उभारली. याच संस्थेने १९६३ मध्ये महाविद्यालय काढले. १९६८ मध्ये ते तांत्रिक महाविद्यालय झाले आणि क्लेमेंटी रोडला आले. १९८२ मध्ये त्याचे तंत्रनिकेतन झाले. तिथे १९९३ मध्ये चित्रपट, ध्वनी आणि व्हिडिओ यांची पदविका सुरू झाली. सिंगापुरात दहावीनंतर दोन वाटा फुटतात. कनिष्ठ महाविद्यालयातून विद्यापीठाकडे जाणारी वाट प्रतिष्ठेची मानली जाते. तंत्रनिकेतनाची वाट नोकरीची. चित्रपटाचे शिक्षण या दुसऱ्या वाटेवर आल्यामुळे सतरा-अठराव्या वर्षी, सरकारी मदतीमुळे आवाक्यात असलेल्या शुल्कात, कॅमेरा आणि संकलनाची खोली मिळू लागली. सरकारी वसाहतींच्या इमारतींत वाढलेल्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट होती.

त्याचा परिणाम नावानिशी दाखवता येतो. अँथनी चेन याने इथे शिकताना २००४ मध्ये ‘जी-२३’ हा पदविकेचा लघुपट केला. २००७ मध्ये त्याच्या ‘आह मा’ या लघुपटाचा कान महोत्सवात विशेष उल्लेख झाला आणि २०१३ मध्ये ‘इलो इलो’ने तिथेच पदार्पणासाठीचा कॅमेरा द’ओर मिळवला. ‘इलो इलो’च्या निर्मितीत याच तंत्रनिकेतनाचा सहभाग होता. ‘सँडकॅसल’ आणि ‘अप्रेंटिस’ करणारा बू जुनफेंग इथलाच. २०१८ मध्ये लोकार्नो महोत्सवाचा गोल्डन लेपर्ड पुरस्कार जिंकणाऱ्या ‘अ लँड इमॅजिन्ड’चा दिग्दर्शक येओ स्यू हुआ इथे चित्रपट शिकला आणि विद्यापीठात तत्त्वज्ञान. ‘पॉप आय’ची दिग्दर्शिका कर्स्टन टॅन हिने तर विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकून झाल्यावरही या पदविकेचा रस्ता धरला.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की श्रेय महोत्सवाचे आणि सरकारी अनुदानाचे आहे. सिंगापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९८७ पासून आहे, लघुपटांची स्पर्धा १९९१ पासून, आणि चित्रपट आयोग १९९८ चा. हे खरे आहे, पण स्पर्धा तयार झालेल्या लघुपटाचीच दखल घेते. पदविका नसताना तो कोण तयार करू शकत होते, हे दिग्दर्शक एरिक खूच्या उदाहरणावरून दिसते. त्याची प्रतिभा वादातीत आहे; पण तो बँकमालकाचा मुलगा होता आणि सिडनीला जाऊन शिकू शकला होता. दुसरा आक्षेप: यातले काही जण पुढे लंडन-न्यूयॉर्कला शिकले, तेव्हा खरे घडणे तिथले. पण तिथला प्रवेशही आधी केलेल्या कामावर मिळतो. उलट न्यूयॉर्क विद्यापीठाने २००७ मध्ये सिंगापुरात काढलेली महागडी टिश एशिया ही शाळा २०१५ मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद झाली. साधी पदविका मात्र टिकली. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तांत्रिक शिक्षण आज्ञाधारक कारागीर घडवते. पण या चित्रपटांचे विषय पाहा. घरकाम करणारी फिलिपिनो बाई, फाशी देणाऱ्याच्या हाताखालचा तरुण, समुद्र बुजवून जमीन वाढवणारे स्थलांतरित मजूर. हे आज्ञाधारक माणसाचे विषय नव्हेत. आणि जे दिग्दर्शक झाले नाहीत, ते ध्वनी, संकलन, छायाचित्रण करतात. त्यांच्याशिवाय कोणताच लघुपट पुरा होत नाही.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा लघुपट अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकताना घडला. हे महाविद्यालयही एका समाजाच्या शिक्षणसंस्थेचे, अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाचे. तिओच्यू व्यापाऱ्यांनी आणि नगरच्या शिक्षणप्रेमींनी सिनेमाचा विचार करून संस्था काढल्या नव्हत्या. त्यांनी शिक्षणाचे दार उघडले आणि त्यातून त्यांच्या समाजाबाहेरचीही मुले आत आली. मंजुळे यांचे अनुभव त्यांचे स्वतःचे आहेत, कोणत्याही अभ्यासक्रमाने ते दिलेले नाहीत. पण ते पडद्यावर येण्यासाठी जिल्ह्याच्या गावी एक वर्ग असावा लागला. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट मोठी आहे, पण तिथल्या जागा मोजक्या आहेत आणि ती प्रत्येकाच्या आवाक्यात नाही. म्हणून आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत असे वर्ग निघणे, आणि निघालेले टिकणे, हे मराठी सिनेमाच्या दृष्टीने कोणत्याही पारितोषिकापेक्षा महत्त्वाचे आहे.