उर्दूत नापास झालेला मंटो

आमच्या घरात दखनी, शाळेत मराठी, मदरशात अरबी-उर्दू. त्यामुळे निबंधाच्या वहीवरचा ‘भाषा अशुद्ध’ हा शेरा आमच्यापैकी अनेकांनी झेलला आहे. पहिली कथा ‘साभार परत’ आली, की तो शेरा पुन्हा आठवतो आणि लेखणी थबकते. अशा वेळी आम्हाला सआदत हसन मंटोची उमेदवारीची वर्षे आठवतात.

मंटोचा जन्म ११ मे १९१२ रोजी समराळ्याचा. घराणे काश्मिरी, वाढला अमृतसरच्या पंजाबी बोलीत. मॅट्रिकला तो दोनदा नापास झाला, आणि नापास विषयांत उर्दूही होती! १९३१ साली तिसऱ्या श्रेणीत कसाबसा सुटला.

पुढे त्याला पत्रकार बारी अलीग भेटले. त्यांनी या भटक्या पोराला रशियन आणि फ्रेंच साहित्याची गोडी लावली व अनुवादाला बसवले. फाशीच्या कैद्यावरील व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीचा त्याने केलेला उर्दू अनुवाद १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुवादात दुसऱ्याचे वाक्य आपल्या भाषेत बसवताना शब्दन् शब्द तोलावा लागतो. ज्या उर्दूने त्याला परीक्षेत अडवले, तिच्याशी त्याची खरी ओळख इथे झाली असावी. नंतर क्षयाच्या संशयामुळे अलीगढचे शिक्षणही सुटले. लिहिणे मात्र सुटले नाही.

१९३६ साली तो मुंबईत ‘मुसव्विर’ साप्ताहिकात आला. भायखळा-नागपाड्याची माणसे त्याच्या कथांत आली. अश्लीलतेचे सहा खटले झाले, तीन फाळणीपूर्वी आणि तीन पाकिस्तानात. प्रत्येक खटल्यानंतर त्याने पुन्हा कागद पुढे ओढला.

जिद्दीने सारे मिळते, असे आम्ही म्हणणार नाही. दारूने पोखरलेला मंटो १८ जानेवारी १९५५ रोजी लाहोरला गेला, अवघ्या ४२व्या वर्षी. पण नापासाचा शेरा हा लेखकाचा निकाल नव्हे, एवढे त्याने दाखवून दिले.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि आम्हाला व्यासपीठ मिळाले. उमेदवारी मात्र कोणतेही व्यासपीठ देत नाही. ती ज्याची त्याने, रात्री दिव्याखाली बसून करायची असते. परत आलेली कथा म्हणूनच फाडू नये. पुन्हा वाचावी, अडलेले वाक्य शोधावे आणि ते नव्याने लिहावे.