ललितकलादर्शाचा वारसा

गोंदियाजवळचे मुर्री ज्या झाडीपट्टीत मोडते, तेथे दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटके उभी राहतात. आजोबांनी कोणते सोंग गाजविले होते, हे नातवंडांना अशाच वेळी ऐकावयास मिळते. त्याची कागदोपत्री नोंद क्वचितच असते. नटाच्या स्मृतीची ही अडचण केवळ खेड्यापाड्यांतली आहे असे मात्र नाही. ज्या ललितकलादर्श मंडळीने वऱ्हाडातील वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ रंगभूमीवर आणले, तिच्या वारसांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला होता.

या मंडळीचे संस्थापक केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी झाला. स्वदेशहितचिंतक मंडळीत ‘शारदा’ नाटकाने बालवयातच त्यांचे नाव झाले, आणि १ जानेवारी १९०८ रोजी, वयाची अठरा वर्षे पुरी होण्याच्या आतच, त्यांनी हुबळीस स्वतःची मंडळी काढली. त्या काळी नाटक मंडळीचा मालक म्हणजे एका मोठ्या फिरत्या कुटुंबाचा कर्ताच होय. रात्री रंगमंचावर गावयाचे आणि सकाळी बिऱ्हाड, भटारखाना, पडदे, रेल्वेचे भाडे यांची विवंचना वाहावयाची! केवळ गोड गळ्यावर हे निभत नसे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी! दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर उभे राहिले, ही गोष्ट महाराष्ट्राने पुढे कित्येक वर्षे कौतुकाने सांगितली. या प्रसंगाला तीन महिने लोटण्यापूर्वीच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले. वय अवघे एकतीस.

मंडळीचा भार रक्ताच्या नात्याकडे न जाता व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकर यांच्याकडे आला. त्यानंतर पुरते दोन महिनेही झाले नव्हते, तोच २५ नोव्हेंबर १९२१ रोजी त्यांना पुत्र झाला, तेच भालचंद्र. धन्याच्या मागे त्याची जुनी नाटके तेवढी चालवीत राहणे बापूरावांना सहज शक्य होते. परंतु त्यांनी मामा वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ १९२२ मध्ये रंगभूमीवर आणले व प्रचलित राजकारणाचा वारा नाट्यगृहात खेळविला. पु. श्री. काळे यांच्या नेपथ्याने त्या मंडळीच्या रंगमंचाला निराळीच शोभा आली.

१५ मार्च १९३७ रोजी बापूराव वारले, तेव्हा भालचंद्र पंधरा वर्षांचे होते. बोलपटांपुढे एकामागून एक मंडळ्या मोडत चालल्या होत्या. वडिलांच्या तसबिरीला हार घालून हा मुलगा नोकरीस लागता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु वझेबुवांकडे गाण्याची तालीम घेऊन त्याने १९४२ साली ललितकलादर्श पुन्हा उभी केली. पुढे ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘जय जय गौरीशंकर’ ही नवी नाटके तिने दिली. नाटकांचे प्रयोग ध्वनिफितींवर उतरवून जतन करण्याचाही त्यांना ध्यास होता, आणि खरे पाहता हे काम त्यांच्या भूमिकांहून कमी मोलाचे नव्हे. ज्यांच्या पूर्वजांचे गाणे हवेत विरून गेले, त्यालाच फितीची किंमत कळावी हे स्वाभाविक होते. ११ ऑगस्ट २०१५ रोजी ते गेले, तेव्हा गाण्याचा वसा त्यांचे पुत्र ज्ञानेश यांच्याकडे आलेला होता.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत सापडले. दुसरे दिवशी केशवरावांची जयंती होती.