नोंदवहीतली नावं

सर्व वर्षांच्या माजी विद्यार्थिनींचा एकत्र मेळावा घ्यायचं ठरलं आणि यादीचं काम माझ्याकडे आलं. “तू सॉफ्टवेअरवाली, तुला काय, दोन दिवसांचं काम!” असं सगळ्यांनी गृहीत धरलं. खरं सांगायचं तर मीही धरलं होतं. दोन दिवसांचे चार महिने झाले. पण आपल्या हुजूरपागेचा इतिहास शाळेत असताना कळला नव्हता, तेवढा या चार महिन्यांत कळला.

सुरुवात आपल्याला पाठ आहे. २९ सप्टेंबर १८८४. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक आदी मंडळींनी मुलींसाठी हायस्कूल काढलं. जिथे पेशव्यांचे खासे घोडे बांधले जात, त्या हुजुरांच्या पागेच्या जागेवर ते पुढे स्थिरावलं आणि जागेचंच नाव शाळेला चिकटलं. कागदोपत्री नाव वेगळं, पण आजही रिक्षावाल्याला ‘हुजूरपागा’ एवढंच सांगावं लागतं.

त्याच वर्षी मुलींच्या हायस्कूलची मागणी करणारं इंग्रजी निवेदन गव्हर्नरसाहेबांसमोर भर सभेत रमाबाई रानडे यांनी वाचलं. घरी आल्यावर सासरच्या बायकांनी त्यांना किती बोल लावले, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. विरोध केवळ घरातल्या बायकांचा नव्हता. टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने शाळेच्या अभ्यासक्रमावर आणि अकरा ते पाच या वेळेवरही टीका केली. मुलगी दिवसभर शाळेत बसली तर घरकाम कधी शिकणार, असा तो आक्षेप होता. आगरकर दुसऱ्या बाजूने तितक्याच जोराने लिहीत होते. अकरा ते पाच ही वेळ आपण कंटाळून मोजली, पण तिच्यावरून एके काळी पुण्यात वाद झडले होते.

आता यादीकडे येते. मी नेहमीच्या सवयीने तक्ता आखला: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, उत्तीर्ण वर्ष. जुन्या नोंदींशी आलेले अर्ज जुळवायला घेतले आणि जवळपास काहीच जुळेना. चूक माझीच होती. मुलांच्या शाळेत चालला असता, असा तक्ता मी मुलींच्या शाळेसाठी केला होता. आपल्याकडे लग्नात वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आडनाव बदलतं आणि कितीतरी घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावही पुसलं जाई. म्हणजे माझ्या चारपैकी तीन रकाने बाद! रमाबाई तरी कुठे जन्माच्या रमाबाई? त्या कुर्लेकरांच्या यमुना. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न झालं आणि नाव बदललं.

आपल्या नामवंत माजी विद्यार्थिनींवर मी हा तक्ता चालवून पाहिला. शांता शेळके यांनी लग्न केलं नाही, त्यामुळे त्या लगेच सापडतात. इरावती कर्वे ब्रह्मदेशात जन्मल्या, तिथल्या नदीचं नाव त्यांना मिळालं आणि सातव्या वर्षी त्या इथल्या वसतिगृहात आल्या. पण तेव्हा त्या करमरकर होत्या. ‘कर्वे’ शोधलं असतं तर भारतातल्या पहिल्या स्त्री मानववंशशास्त्रज्ञांपैकी एक आपल्या शाळेत होत्या, हे माझ्या संगणकाला कळलंच नसतं.

मग तक्ता नव्याने मांडला. नाव हा आधार सोडला आणि दाखल्यावरचा रजिस्टर नंबर व जन्मतारीख यांवर जुळणी सुरू केली. नंबर ज्यांच्याकडे नव्हता, त्यांना फोनवर एकच प्रश्न विचारायचा: “बाकावर शेजारी कोण बसायचं?” एका मैत्रिणीच्या आठवणीतून दुसरी सापडत गेली. कोथरूडच्या एका आजींनी माहेरचं नाव सांगितलं आणि जरा थांबून म्हणाल्या, “या नावाने मला विचारणारं आता कोणी राहिलं नाही गं.”

‘उत्तीर्ण वर्ष’ या रकान्यानेही घोटाळा केला. जुनी मॅट्रिक, नंतरची अकरावीची एस.एस.सी. आणि १९७५ पासूनची दहावी, हे हिशेब जमवता आले. पण ज्या उत्तीर्ण झाल्याच नाहीत, त्यांचं काय? समितीत यावर चांगलीच चर्चा झाली. बॅच म्हणजे परीक्षा दिलेल्या, असं काहींचं म्हणणं होतं. मी विरोधात बोलले. सारडा कायद्याने १९३० पासून मुलीचं लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं. चौदाव्या वर्षी मुलगी मॅट्रिकपर्यंत पोचलेली नसे. मग उत्तीर्ण वर्षावर यादी केली, तर ज्यांच्यासाठी शाळा काढली त्यांतल्याच अनेक जणी आपण दुसऱ्यांदा वगळणार. अखेर ठरलं की रजिस्टरमध्ये नाव असेल ती आपली, मग ती एक वर्ष शिकलेली का असेना.

हे मी इतकं अडून का बोलले, ते तेव्हा सांगितलं नाही. माझी आजी इथे शिकली आणि मधूनच लग्न होऊन सासरी गेली. “मी काही शिकलेली नाही,” असंच ती जन्मभर म्हणत राहिली. मला मात्र अपूर्णांकांचा भागाकार तिनेच शिकवला.

स्वागतकक्षातल्या नावाच्या पट्टीवर आम्ही यंदा माहेरचं नाव मोठ्या अक्षरात आणि आताचं त्याखाली छापलं आहे. पट्टी हातात घेतल्यावर क्षणभर गोंधळायला झालं, तर मैत्रिणींनो, त्याचा दोष माझ्याकडे. यादीत काही नावांपुढे ‘दिवंगत’ लिहावं लागलं. त्यांत आजीचंही आहे. उत्तीर्ण वर्षाचा तिचा रकाना कोरा आहे आणि तो मी तसाच ठेवला आहे.